पदकाच्या कडेवर काय लिहिलं आहे?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पणजोबा-आजोबांच्या फौजेतल्या नोकरीबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी आठ या अंकात घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, फक्त गाव किंवा तालुका दिला आहे.

प्रश्न (रहिमतपूर): देवघरातल्या डब्यात पणजोबांची चार पदकं आहेत. एक काळपट तारा, एक चांदीचं, एक पिवळसर आणि एक हिरव्या-निळ्या फितीचं, त्याच्या फितीवर आडवी पट्टी. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुतच्या वेढ्यात होते, तुर्कांच्या कैदेत राहिले आणि १९१९ मध्ये घरी आले, असं घरात सांगतात. पदकांवरून हे ठरवता येईल का? कडेवर '१०३' आहे. तो त्यांचा नंबर का?

उत्तर: १०३ हा पणजोबांचा नंबर नव्हे, पलटणीचा. कडेवरचा मजकूर ठरलेल्या क्रमाने येतो: आधी शिपायाचा नंबर, मग हुद्दा, मग नाव आणि शेवटी पलटण. हुद्दा आखूड केलेला असतो. रोमन लिपीतली एस-ई-पी ही अक्षरं म्हणजे शिपाई, एन-के म्हणजे नाईक, एच-ए-व्ही म्हणजे हवालदार आणि जे-ई-एम म्हणजे जमादार. शेवटी १०३ आणि त्यापुढे एम-एल-आय असेल, तर ती १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री. त्या काळी शिपायाचा नंबर पलटणीपुरता असे. १०३ मधला एखादा नंबर ११७ मध्येही दुसऱ्या कुणाचा तरी असायचाच. म्हणून नुसत्या नंबरावर माणूस सापडत नाही, नंबर आणि पलटण ही जोडी लागते.

घरोघरी आणखी एक घोळ होतो, तो १९२२ च्या फेररचनेचा. त्या वर्षी सहा मराठा पलटणी ५ वी मराठा लाइट इन्फंट्री या एका रेजिमेंटखाली आल्या. १०३ ची झाली १/५, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ आणि ११४ ची १०/५, म्हणजे बेळगावची प्रशिक्षण पलटण. पदकावर १०३ आणि डिस्चार्जच्या कागदावर १/५ दिसलं, की लोक समजतात पणजोबांनी पलटण बदलली. बदललं ते पलटणीचं नाव. इंग्रजी कागदांत 'मराठा' या शब्दात एक जादा एच आणि दोन टी असतात, हेही शोधताना ध्यानात ठेवा.

आता पदकं. तारा म्हणजे १९१४-१५ स्टार. तो ब्राँझचा, त्यावर दोन तलवारी एकमेकींना छेदून गेलेल्या आणि वर मुकुट. त्याला कड नाही, म्हणून नाव मागच्या सपाट बाजूवर ठोकलेलं असतं. हा तारा असेल, तर ३१ डिसेंबर १९१५ च्या आत माणूस रणभूमीवर पोहोचलेला होता. चारांतलं सर्वांत मोलाचं साक्षीपत्र हेच, कारण उरलेली दोन महायुद्धाची पदकं १९१८ मध्ये गेलेल्यालाही मिळत. चांदीचं ते ब्रिटिश वॉर मेडल: व्यास ३६ मिलिमीटर, एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला नग्न पुरुष, फितीत मधे नारिंगी आणि दोन्हीकडे पांढरा, काळा, निळा. हेच पदक कुणाकडे ब्राँझचं निघालं तर नकली समजू नका. मजूर आणि हमाल तुकड्यांतल्या लोकांना ते ब्राँझमध्ये दिलं गेलं. पिवळसर पदक म्हणजे व्हिक्टरी मेडल, पंखवाल्या देवीचं, इंद्रधनुष्यासारख्या फितीचं. चांदीचं पदक अनेक घरांतून सोनाराकडे गेलं, म्हणून बऱ्याच ठिकाणी तारा आणि पिवळं पदक एवढंच उरलेलं दिसतं. तुमच्याकडे तिन्ही आहेत, ती एकत्रच ठेवा.

चौथं पदक म्हणजे १९०८ चं इंडिया जनरल सर्व्हिस मेडल. मागे जमरूदचा किल्ला असतो. या पदकाचा अर्थ फितीवरच्या पट्टीत आहे, कारण ते सरहद्दीवरच्या कित्येक मोहिमांना एकच होतं आणि मोहीम पट्टीवर लिहीत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पट्टी 'वझिरिस्तान १९१९-२१' अशी वाचता येते. हे जुळतं. १०३ वी पलटण डिसेंबर १९१९ मध्ये वझिरिस्तानात महसूद टोळ्यांशी लढत होती.

कुतचं काय? १०३ वी पलटण कुतमध्ये होती, यात शंका नाही. पुण्याच्या ६ व्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. या डिव्हिजनने नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतलं, एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई जिंकली, सप्टेंबरमध्ये कुत घेतलं. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या वेशीवर टेसिफोनला ती अडली, साडेचार हजारांवर माणसं जायबंदी किंवा ठार झाली आणि डिव्हिजन कुतला मागे आली. ७ डिसेंबरला वेढा पडला. जवळजवळ पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ ला, सुमारे १३,००० लोकांनी शरणागती पत्करली.

पण पलटण कुतमध्ये होती म्हणून माणूसही कुतमध्ये होता, असं होत नाही. टेसिफोनचे जखमी आणि आजारी वेढा पडण्याआधी बोटींनी नदीखाली बसऱ्याकडे पाठवले गेले. शिवाय डेपोतून निघालेल्या तुकड्या वाटेतच अडकल्या. याही लोकांना तोच तारा मिळाला आहे. उलट बाजूने, १९१८ च्या अखेरीस सुटलेला कैदी रजा भोगून पलटणीत परतला आणि १९२० मध्ये सरहद्दीवर गेला, हेही होऊ शकतं. वझिरिस्तानच्या पट्टीची मुदत जानेवारी १९२१ पर्यंत आहे. म्हणून तुमच्या पदकांवरून कैद सिद्ध होत नाही आणि खोटीही ठरत नाही. निकाल लागेल तो डिस्चार्जच्या कागदातल्या 'फील्ड सर्व्हिस' या रकान्यावरून. तिथे पी-ओ-डब्ल्यू (प्रिझनर ऑफ वॉर, म्हणजे युद्धकैदी) ही तीन अक्षरं आणि एप्रिल १९१६ पासूनच्या तारखा दिसल्या, तर घरची गोष्ट खरी. तो कागद नसेल तर शेवटचं उत्तर पाहा.

प्रश्न (तासगाव): आमचे पणजोबा सांगत, की कुतला घोडे कापून खायची वेळ आली, पण मराठे शिपाई उपाशी राहिले तरी खात नव्हते. हे खरं का, की नंतर रचलेलं?

उत्तर: खरं आहे, आणि त्याची किंमत त्यांनी शरीराने मोजली. तोफखान्याची आणि गाड्यांची जनावरं कापून मांस वाटायला सुरुवात झाली तेव्हा गोऱ्या शिपायांनी ते घेतलं. हिंदू आणि मुसलमान शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारलं. धर्म बुडेल ही भीती होतीच, पण गावी परतल्यावर पंक्तीला कोण घेईल, मुलींची लग्नं कशी होतील, हा धाक त्याहून मोठा होता. शेवटी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी तारायंत्राने मागवली गेली. त्यानंतरही पुष्कळ जण शेवटच्या आठवड्यांतच तयार झाले.

डॉक्टरांनी तेव्हा नोंदवलेली एक गोष्ट विलक्षण आहे. एकाच वेढ्यात दोन फौजांना दोन वेगळे रोग झाले. गोरे शिपाई पांढऱ्या मैद्याच्या पावावर होते, त्यांना बेरीबेरी, म्हणजे हातपाय सुजून लुळे पडण्याचा रोग, झाला. मैद्यात गव्हाचा कोंडा नसतो, आणि बेरीबेरी टाळणारं जीवनसत्त्व त्या कोंड्यातच असतं. आपले लोक आट्यावर आणि जवाच्या पिठावर होते, म्हणून ते बेरीबेरीपासून वाचले. पण ताजं मांस नाही, भाजी नाही, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाला: हिरड्या सुजणं, दात हलणं, जुन्या जखमा पुन्हा उघडणं. पणजोबांच्या आठवणीत दात पडल्याचा किंवा रानातला पाला शिजवून खाल्ल्याचा उल्लेख असेल, तर तो याच रोगाचा आहे. नीट लिहून ठेवा.

शरणागतीनंतर अधिकाऱ्यांना वेगळं काढलं गेलं. शिपायांना बगदाद, मोसूलमार्गे वाळवंटातून चालवत नेलं. हिंदी कैद्यांपैकी मोठी संख्या रास अल-ऐन इथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपली होती. हे नाव घरातल्या बोलण्यात 'रासलैन' असं काहीतरी होऊन आलं असेल, तर ते कैदेचंच चिन्ह समजा.

प्रश्न (विटा, ता. खानापूर): थोरले आजोबा मेसोपोटेमियात वारले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर 'सांगली' आणि आडनाव टाकून शोधलं, काहीच मिळालं नाही. नोंदच नाही का?

उत्तर: सांगली टाकून मिळणार नाही, कारण त्या वेळी सांगली जिल्हा नव्हता. तुमचा खानापूर, तसंच तासगाव आणि वाळवा हे सातारा जिल्ह्याचे तालुके होते. १ ऑगस्ट १९४९ ला 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. तुमच्या आजोबांचा पत्ता तिथे 'सातारा, बॉम्बे' असाच असणार. खुद्द सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती, तिथल्या माणसापुढे संस्थानाचं नाव येतं. आटपाडी औंध संस्थानात होती आणि फलटण स्वतंत्र संस्थान होतं. आणखी एक सापळा: खानापूर नावाचा तालुका बेळगाव जिल्ह्यातही आहे आणि तिथूनही मराठा पलटणींत खूप भरती होत असे. खानापूर दिसलं की लगेच आनंदू नका, पुढे सातारा आहे की बेळगाव, ते पाहा.

स्पेलिंगचा प्रश्न मोठा आहे. रंगरूट आपलं नाव तोंडी सांगे, कारकून कानाला आलं तसं लिही. जाधवांचे जादव आणि जाधाओ झाले, पवारांचे पोवार, शिंद्यांचे सिंधे. १९४५ मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या नामदेव जाधवांचंसुद्धा आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं. पहिल्या महायुद्धाच्या यादीत तर कित्येकदा आडनावच नाही, नुसतं 'गणू' किंवा 'तुकाराम' आहे. म्हणून आडनावापासून सुरुवात करू नका. आडनावाचा रकाना रिकामा सोडा. युद्ध पहिलं, सेना इंडियन आर्मी, रेजिमेंट म्हणून पलटणीचं नाव, आणि मृत्यूचं वर्ष माहीत असेल तर वर्ष, एवढंच भरा. यादी शे-दोनशेंची येईल. ती खाली उतरवून घ्या आणि 'जादा माहिती' या भागात बापाचं नाव आणि गाव डोळ्याने शोधा. गावाचं नावही मोडतोड झालेलं असेल, म्हणून ते मोठ्याने वाचा. डोळ्याला न कळलेलं गाव कानाला कळतं.

मेसोपोटेमियात गेलेल्या आपल्या लोकांची नोंद बहुतेक बसरा स्मारकाखाली आहे. हे स्मारक १९२९ मध्ये उभं राहिलं आणि त्यावर ४०,००० हून अधिक मृतांची दखल आहे. ही दखल कशी घेतली, तेही तुम्हाला माहीत असावं. भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी सैनिकांपैकी सुभेदार-जमादारांपर्यंतची नावं आली, पण शिपाई, नाईक आणि हवालदार यांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली एक आकडा आला. नावं फक्त नोंदवहीत राहिली. कमिशनने २०२१ मध्ये आपल्या अहवालात मान्य केलं, की ४५,००० ते ५४,००० मृतांना, त्यांत हिंदी सैनिक मोठ्या संख्येने, बरोबरीने स्मरलं गेलं नाही, आणि त्याबद्दल माफी मागितली. त्या नोंदवहीतलं तुमच्या आजोबांचं नाव चुकीच्या स्पेलिंगमध्ये असेल, तर ते दुरुस्त करून घेणं हे काम तुमच्या घराने जरूर करावं. कमिशनकडे तसा अर्ज करता येतो. सोबत कागदाचा पुरावा लागतो: पेन्शनचं पुस्तक, पदकाच्या कडेचा फोटो, जुनं पत्र, यांपैकी काहीही.

प्रश्न (कराड तालुका): गावच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. 'या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले' अशा अर्थाचं इंग्रजी आणि '१९१४-१९१९'. युद्ध १९१८ ला संपलं ना?

उत्तर: लढाई ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबली, तह २८ जून १९१९ ला झाला, म्हणून पाटीवर १९१९. व्हिक्टरी मेडलच्या मागेही तेच वर्ष आहे. अशा पाट्या सरकारने देशभर गावोगावी बसवल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्या गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पाटीवर फक्त आकडे असतात, नावं नसतात. वॉर ग्रेव्हज कमिशनच्या मोजणीची मुदत आणखी लांब आहे, ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. त्यामुळे पाटीवरचा आकडा आणि तुम्हाला सापडलेली नावं जुळली नाहीत तर गोंधळू नका. चावडी पाडायची झाली तर पाटी आधी अखंड काढून घ्या. छिन्नीने कडेचा चुना मोकळा करायचा, पाटीखालून पहार घालायची नाही. संगमरवर जेमतेम बोटभर जाड असतो, मधोमध मोडतो.

प्रश्न (कोरेगाव): दसऱ्याला आम्ही शस्त्रांबरोबर पणजोबांची पदकं पुजतो. या वर्षी चिंच आणि राखेने घासून चकचकीत करावीत असं मोठ्या काकूंचं म्हणणं आहे. करावं का?

उत्तर: करू नका. काकूंना आमच्यातर्फे हात जोडून सांगा.

कडेवरची अक्षरं ठशाने दाबलेली असतात आणि फार उथळ असतात. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, पितळेची पॉलिश, यांतलं काहीही लावलं तरी धातूचा पातळ थर निघतोच. आधी एकाच्या जागी डाग दिसतो, मग आठ आणि तीन सारखेच दिसतात. नंबरातला एक आकडा गेला की माणूस गेला. ब्राँझचा तारा तर मुळातच काळपट असायचा. त्याच्यावरचा तपकिरी थर ही त्याची राखण आहे, मळ नव्हे.

धूळ असेल तर फितीतून पदक न काढता मऊ कोरड्या ब्रशाने झाडा. तेलकट मळ असेल तर फीत बाजूला धरून कोमट पाण्यात, शक्यतो बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात, सुती कापड भिजवून पुसा आणि लगेच कोरडं करा. हिरवा चिकट गंज दिसला तर खनिज तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी लाकडी दातकोरण्याने हलके काढा. सुई किंवा ब्लेड नको. फीत कधीच धुऊ नका, लाल रंग पांढऱ्यावर उतरतो. फीत जीर्ण झाली असेल तर तेवढ्याच रुंदीची नवी लावा आणि जुनी पाकिटात जपून ठेवा. त्या फितीवरचा घामही तुमच्या पणजोबांचाच आहे.

पूजा अवश्य करा, पण हळद-कुंकू पदकाला न लावता खालच्या ताटाला लावा. ओलं कुंकू अक्षरांत बसतं, त्यातले क्षार चांदी काळी करतात आणि ब्राँझवर हिरवे ठिपके उठवतात. ठेवताना वर्तमानपत्र, लोकर, रबर, स्पंज आणि मऊ प्लास्टिकचे खिसे टाळा. पहिल्या चारांतून गंधक सुटतं आणि चांदी काळवंडते, मऊ प्लास्टिकमधून आम्ल सुटतं आणि काही वर्षांनी पदक चिकट हिरवं होतं. धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटाच्या तुकड्यात प्रत्येक पदक वेगळं गुंडाळा. डब्यात सिलिका जेलची पुडी घाला आणि पावसाळ्याआधी बदला. पाटण, जावळी, शिराळ्याकडच्या हवेत तर हे हवंच.

कड पुसट झाली असेल तरी वाचता येते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरा, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात, आणि पदक थोडं थोडं फिरवत मोबाइलने आठ-दहा फोटो घ्या. तरीही जमलं नाही तर पातळ कागद कडेवर ताणून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, मुलं नाण्याचा ठसा घेतात तसं.

प्रश्न (खटाव तालुका): एकाच पट्टीवर शिवलेली सहा पदकं मिळाली. त्यांत १९१४-१५ चा तारा आहे आणि १९३९-४५ चाही. एक माणूस दोन्ही महायुद्धांत असू शकतो का? आफ्रिका आणि इटली असे आणखी दोन तारे आहेत. ते कसे?

उत्तर: असू शकतो. १९१५ मध्ये १८ वर्षांचा असलेला माणूस १९३९ मध्ये ४२ चा होतो, आणि सुभेदार म्हणून टिकलेले किंवा पेन्शनीतून परत बोलावलेले लोक होते. पण असा माणूस बहुधा देशातल्या संरक्षक तुकड्यांत किंवा प्रशिक्षणात लागला. बेचाळिशीच्या माणसाला आफ्रिका आणि इटली दोन्ही ठिकाणी आघाडीवर पाठवलेलं क्वचितच आढळेल. आमचा अंदाज, ही बाप आणि मुलाची पदकं आहेत. मुलाने किंवा नातवाने प्रेमाने एकाच पट्टीवर शिवली. खात्री करायला सहाही पदकांचा मजकूर उतरवा. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाची पदकं कोरी दिली, पण हिंदी सैन्यात ती नाव घालून दिली, त्यामुळे आपल्याकडे ताडून पाहता येतं. ताऱ्यांच्या पाठी आणि गोल पदकाची कड पाहा. नाव एक वाटलं तरी नंबर आणि पलटण पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका, कारण आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपल्याकडे रीत आहे. दोन माणसं निघाली तर पट्टी उसवा, पण उसवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो घ्या.

आफ्रिका आणि इटली एकत्र येणं मात्र अगदी सरळ आहे. आफ्रिका स्टारला १० जून १९४० ते १२ मे १९४३ ही मुदत, आणि त्यात एरिट्रिया येतं. मार्च १९४१ मध्ये केरेनच्या डोंगरावर २/५ आणि ३/५ अशा दोन मराठा पलटणी लढल्या. ३/५ पुढे इटलीत गेली. तिथेच १० जुलै १९४४ च्या लढाईतल्या कामगिरीबद्दल या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २/५ चं नशीब वेगळं, ती जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या तोब्रुकला शत्रूच्या हाती सापडली. ४/५ ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली आणि मार्च १९४४ मध्ये सांगशाकला लढली, तिच्या माणसाकडे बर्मा स्टार असायचा. फितीने ओळखायचं असेल, तर वाळूच्या रंगावर मधे लाल पट्टा आणि दोन्हीकडे गडद व फिका निळा म्हणजे आफ्रिका. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल म्हणजे इटली. निळ्यावर मधे लाल आणि बाजूला नारिंगी म्हणजे ब्रह्मदेश. केशरी-पांढऱ्या-हिरव्या फितीचं पदकही असेल, तर माणूस १५ ऑगस्ट १९४७ ला गणवेशात होता.

प्रश्न (मिरज): पणजोबा १९१८ मध्ये महार पलटणीत होते आणि आजोबा १९४२ मध्ये महार रेजिमेंटमध्ये. दोन्ही एकच ना?

उत्तर: नाही. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने बंद केली होती. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडली. काम संपलं, पलटण संपली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली आणि तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. आजोबांची चौकशी सागरला करा. पणजोबांच्या बाबतीत पदकाची कड हाच मुख्य पुरावा. तिथे १११ असेल तर तो फोटो दहा ठिकाणी जपून ठेवा, कारण ही पलटण चारच वर्षं होती आणि तिची पदकं थोडी आहेत.

प्रश्न (पलूस): आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९४६ ला घरी आले, पेन्शन नव्हती. आजी हयात आहे. नोकरीचा दाखला कुठून मिळेल?

उत्तर: मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तिथे रजिस्टर पोस्टाने अर्ज करा. अर्जात आजोबांचा नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, इंग्रजी कागदावर असेल तसंच स्पेलिंग, बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा लिहा. जिल्हा 'तेव्हाचा सातारा, आता सांगली' असा दोन्ही तऱ्हांनी लिहा, नाहीतर तपासणारा सांगलीच्या नोंदींत पाहतो आणि 'आढळत नाही' असं कळवतो. भरतीचं आणि नोकरीतून सुटल्याचं साल, पलटण माहीत असेल तर पलटण, पदकाच्या कडेचा फोटो आणि तुमचं नातं दाखवणारा कागद जोडा. नंबर नसेल तर अर्ज बहुधा परत येतो, म्हणून आधी पदक, डिस्चार्ज बुक, जुन्या मनिऑर्डरची पावती, ट्रंकेच्या झाकणावर रंगवलेला मजकूर हे सगळं धुंडाळा. लाकडी ट्रंकेच्या आतल्या बाजूला नंबर हमखास असतो.

पेन्शन नसलेल्यांची सेवापत्रकं ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. म्हणून अर्जात 'सेवापत्रक' एवढंच मागू नका, 'लाँग रोलमधील नोंदीचा उतारा' असं स्पष्ट लिहा. लाँग रोल म्हणजे भरती झालेल्या प्रत्येकाची एका ओळीची नोंद ठेवणारी मोठी वही, आणि ती जास्त टिकलेली आहे. डिस्चार्ज बुक घरात असेल तर लॅमिनेट करू नका. उष्णतेने जुनी शाई पसरते आणि प्लास्टिक परत निघत नाही. पानापानाचा फोटो घ्या आणि मूळ पुस्तक कापडात ठेवा.

आजी हयात आहेत, तर या अर्जाच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. पेन्शन न मिळालेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा आर्थिक मदत देतं. तिचं काम सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होतं. आजींचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक, आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि डिस्चार्ज बुक किंवा पदक घेऊन जा. मृत्यूच्या दाखल्यावरचं आजोबांचं नाव आणि डिस्चार्ज बुकातलं नाव वेगळं असेल, आणि ते बहुधा असतंच, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून न्या. त्या एका कागदावाचून माणसं दोन-दोन वर्षं खेपा घालतात.